चौदा पत्ते

आबांच्या वर्षश्राद्धाची जेवणं दीडच्या सुमारास उरकली. परचुरे मास्तरांना पाचच्या गाडीनं सांगलीला परतायचं होतं, म्हणून उष्टी निघताच लीलाबाईनं थोरल्या भावाच्या, नाथाजीच्या सोप्यात घोंगडं अंथरलं आणि त्यावर आपलं धुतलेलं पातळ घातलं. पत्त्यांना घोंगड्याची लोकर लागायला नको होती.

नाथाजीनं पलटणीतली काळी ट्रंक उघडून आपले चाळीस पत्ते आणले. तांबड्या फडक्यात बांधलेले, वर सुभेदारी गाठ. लीलाबाईचे चाळीस सांगलीहून आले होते, पितळी डब्यातून. राहिले केरबाचे. केरबाचं घर मळ्याच्या पलीकडच्या बांधाला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत वर्षभर बोलणं नव्हतं. आज बापाचं श्राद्ध म्हणून तो आला होता, जेवला होता, आणि आता उंबऱ्याबाहेर पायरीवर बसून चुना मळत होता. त्याच्या वाटणीचे पत्ते त्याची बायको राहीबाई ओच्यात घेऊन आली. तिनं ते पातळावर टाकले नाहीत. दहा-दहाच्या चळती करून एकेक अलगद ठेवली आणि आत वळून मधल्या दाराशी उभी राहिली.

लालासाहेबांनी, म्हणजे आबांनी, जाण्याआधी चार दिवस तिघा मुलांना जवळ बसवून हे पत्ते वाटले होते. दशावतारी गंजिफा, एकशेवीस गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा. खेळायला तिघं लागतात आणि प्रत्येकाला चाळीस येतात. आबांनी खेळात वाटावेत तसेच पिसून वाटले. कुणाच्या हातात काय गेलं ते त्यांनी पाहिलंही नाही. असू द्या तुमच्यापाशी, एवढंच म्हणाले.

आज ते सगळे पहिल्यांदाच एका जागी येत होते. लीलाबाईच्या नवऱ्याची सांगलीत हळदीची अडत होती. त्यानं डब्यातले पत्ते एकदा परचुरे मास्तरांना दाखवले आणि मास्तरांच्या ओळखीनं मुंबईच्या एका शौकीन गृहस्थाचं पत्र आलं. अख्खा जोड असेल, मूळचा असेल, तर मागाल ती किंमत. लीलाबाईची चारुशीला मिरजेला डॉक्टरकीला लागली होती. घरात पडून राहण्यापेक्षा तिच्या उपयोगी पडेल, असा नवऱ्याचा हिशेब. तो लीलाबाईनं थोरल्या वहिनीच्या, चंद्राबाईच्या कानावर घातला आणि चंद्राबाईला तो पटला. नाथाजीला काही तो पटलेला नव्हता, पण बहिणीला नाही म्हणायची त्याची रीत नव्हती.

परचुरे मास्तर ड्रॉइंगचे निवृत्त शिक्षक. अंगानं वाळकुडे, नखं मात्र तरुणासारखी स्वच्छ. त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं, धोतराच्या सोग्याला नव्हे, खिशातल्या कोऱ्या रुमालाला पुसले, आणि मांडी घालून पत्ते लावायला बसले. आधी मत्स्य. राजा, वजीर, मग एक मासा, दोन मासे, असं करत दहापर्यंत. मग कूर्म, मग वराह. आठव्या ओळीनंतर मास्तरांचा हात हळू झाला, कारण आता हातातले पत्ते थोडे राहिले होते आणि ओळींत जागा अजून दिसत होत्या. शेवटची कल्कीची तलवार तिच्या जागी बसली तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

"पुरा आहे," ते म्हणाले. "एकही कमी नाही."

मग ते बराच वेळ बोलत राहिले. त्यांच्याकडे गंजिफांचे स्वतःचे एकतीस जोड होते, पण पुरे असे चारच. पत्ता हरवायला क्षण लागतो, आणि एक पत्ता गेला की एकशेएकोणीस नुसते चित्रांचे तुकडे होतात, खेळ राहत नाही. विलायती छापील जोडाचं मोल तो न उघडण्यात असतं, गंजिफांचं तसं नाही. हे हातानं केलेले. कापडावर कापड खळीनं डकवायचं, खडूचा लेप द्यायचा, रंगवायचं, पाठीवर लाख चढवायची. एका जोडासारखा दुसरा होत नाही. मास्तरांनी नरसिंहाचा राजा तळहातावर घेतला आणि सगळ्यांना दाखवला. बोराएवढं तोंड, त्यात दात, आणि मांडीवरच्या हिरण्यकशिपूची उलटी पडलेली पगडी. एका केसाच्या कुंचल्यानं काढलं असावं, ते म्हणाले. असा हात आता शोधून मिळत नाही.

नाथाजीला ऐकताना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं. लहानपणी हे पत्ते त्यानं धुळीत खेळले होते आणि हरला की चिडून फेकलेही होते.

मग मास्तरांनी भिंग काढलं.

पहिल्या ओळीतून त्यांनी एक पत्ता बाजूला काढला. तिसऱ्या ओळीतून दोन. सहाव्या ओळीवर पुन्हा मागं जाऊन एक. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण ते बोलायचे थांबले, आणि चंद्राबाईला तेवढं पुरलं. ती पुढे सरकून बाजूच्या ढिगातले पत्ते मोजू लागली. अकरा झाले तेव्हा मास्तरांनी भिंग खाली ठेवलं.

ते अडखळत म्हणाले की हे अकरा मूळच्या हाताचे नाहीत. काम फार चांगलं आहे, इतकं चांगलं की मुंबईच्या गृहस्थांनाही कळेलच असं नाही, पण आपण न सांगणं बरोबर होणार नाही. आणि सांगितलं तर ते या जोडाला मूळचा म्हणणार नाहीत.

लीलाबाईच्या डोळ्यांपुढून मिरजेचं कॉलेज सरकून गेलं. चंद्राबाईच्या डोक्यात मात्र वेगळाच विचार आला. आबा शेवटची सहा वर्षं केरबाच्या घरी होते. पत्तेही तिथेच होते. मूळचे अकरा कुठं गेले? तिचं मन काही दुष्ट नव्हतं. पण या घरात ती थोरली सून असूनही दुसरी आलेली. नाथाजी लढाईवर असताना धाकट्याचं लग्न झालं आणि राही तिच्या आधी चार वर्षं या घरात वावरली. सासूला चंद्राबाईनं पाहिलंच नव्हतं. घरातली प्रत्येक गोष्ट तिच्या येण्याआधी सुरू झालेली असायची, आणि ती माहीत असायची राहीला.

"मास्तर, असं पत्तं कुनी बदलून घेतलं तर त्याचं काय येत असंल?" तिनं विचारलं. मास्तरांकडे बघून विचारलं, पण मधल्या दाराला ऐकू जाईल असं.

मास्तर गोंधळले. नाथाजीला बायकोचं बोलणं कळलं. त्याला ते आवडलं नाही, आणि खोडूनही काढता येईना. तो उठून पायरीपर्यंत गेला आणि वर्षात पहिल्यांदा भावाशी बोलला.

"केरबा, ह्ये काय हाय रं?"

केरबानं तोंडातला तंबाखू थुंकला. त्याला राग येईल असं नाथाजीला वाटलं होतं, पण तो शांत होता. "मला इचारू नगा, दादा," तो म्हणाला. "पत्त्याचं समदं तिच्याकडं. तिला इचारा."

राहीबाईनं पदर सारखा केला आणि बाहेर आली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, उन्हानं रापलेली, मनगटात दोनच बांगड्या. थोरल्या दिराच्या समोर ती कधी बसत नसे. आजही घोंगड्याच्या टोकाला, अर्धी जमिनीवर अशी बसली, आणि अकराच्या ढिगाकडे नुसती नजर टाकून म्हणाली,

"अकरा न्हाईत, मास्तर. चवदा हायत."

तिनं हात लांब करून ओळींतले तीन पत्ते उचलले. शोधले नाहीत, नुसते उचलले. वामनाची पंजी, कृष्णाची तिर्री, परशुरामाचा वजीर. ते अकरावर ठेवले आणि हात मांडीवर घेतला.

मास्तरांनी तिन्ही पत्ते भिंगाखाली धरले. उलटे धरले. खिडकीशी नेऊन उजेडात पाहिले. वजिराच्या घोड्याची आयाळ बाकीच्या नऊ वजिरांच्या घोड्यांशी ताडून पाहिली. परत येऊन ते म्हणाले की तुमची काहीतरी चूक होते आहे, हे मूळचेच आहेत. चाळीस वर्षं मी रंग शिकवले, मला हात ओळखता येतो.

"मलाबी माजा हात वळखतो," राहीबाई म्हणाली. "वजिराची कड बघा. खाली जरा टवका गेलाय. आत सूत कंच्या रंगाचं हाय?"

मास्तरांनी टवक्याशी भिंग लावलं. लाखेखाली, खडूच्या पांढऱ्या थराखाली, कापडाची कड दिसत होती. ती पांढरी नव्हती.

"खाकी," मास्तर म्हणाले.

नाथाजी खाली बसला.

त्रेचाळीस साली, जहाजावर चढण्याआधी, तो दहा दिवसांच्या रजेवर घरी आला होता. कोपरावर विरलेला एक खाकी शर्ट खुंटीला राहून गेला. मग इटली, तिथला चिखल, तिथले डोंगर. सेहेचाळीसला परतला तेव्हा आई गेलेली होती. घरात आल्यावर त्यानं का कोण जाणे त्या शर्टाची चौकशी केली होती, आणि आबा म्हणाले होते, दिला कुणाला तरी. त्याला ते लागलं होतं. आपण मेलोच असं धरून चालले होते की काय, असं तेव्हा मनात आलं होतं, आणि ते त्यानं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

राहीबाईनं मग सांगितलं. सलग नाही, मास्तर विचारत गेले तशी. ती पंधराव्या वर्षी या घरात आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली. दुपारची वेळ जाता जात नसे. थोरल्या लेकाचं पत्र कधी दोन महिन्यांनी यायचं, कधी चार. सासू दिवसभर दाराकडे बघत बसायची आणि दर घटकेला पोस्टमन आला का विचारायची. फक्त पत्ते हातात असताना विचारत नसे. म्हणून आबा रोज डाव मांडत. तिसरा गडी नव्हता. केरबाला एका जागी बसवत नसे. मग सासूनंच नव्या सुनेला बोलावलं. पदर घे डोक्यावर आणि बस, म्हणाली, सासऱ्यापुढं बसल्याचं पाप माझ्या माथी. तीन वर्षं ती रोज दुपारी बसली.

आजाऱ्याच्या हातात पत्ते राहिले. त्यांवर घाम पडला, काढा सांडला, तापात मुठीत चुरगळले. एक बिघडला की डाव बसला. नवा करून आणायला गंजिफावाल्यांकडे कोकणात उतरायचं, तर सासूला सोडून जाणार कोण? राहीच्या माहेरी शेजारी एक चितारी होता, पाळणे आणि बैलगाड्यांची चाकं रंगवायचा. लहानपणी ती त्याचे रंग खलत बसायची. तिनं सासऱ्याला सांगितलं, मी करून बघते. चिंचोके भिजवून खळ केली, कासाराकडून लाख मागून घेतली, कवडीनं घोटून घोटून पाठ गुळगुळीत केली. कापड मात्र मिळत नव्हतं. लढाईचे दिवस, कापडाला कंट्रोल. तेव्हा आबांनी स्वतः खुंटीवरचा शर्ट काढून दिला. पोराचंच हाय, म्हणाले, आईच्या हातात ऱ्हाईल.

"पयले चार मोडलं," राहीबाई म्हणाली. "चितार साधायचं, पाठ साधायची न्हाई. पाठ वळखली की पत्ता मेला. समोरच्याला कळतं तुमच्याकडं काय हाय. पाचव्याला मामंजींनी धा वेळा पिसून बघितलं, त्यास्नी न्हाई घावला. मग खेळाया घेतला."

बिघडलेले पत्ते कुठं गेले ते चंद्राबाईला विचारावं लागलं नाही. त्यांवर देव होते, म्हणून आबांनी ते कराडच्या संगमावर सोडले होते, दर वेळी एक.

लीलाबाई वामनाच्या पंजीकडे बघत होती. पत्ता तिच्या डब्यातला होता. ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची. डोक्याला तेल लावून पळत आली आणि वाटी पत्त्यांवर उपडी झाली. पाच कमंडलू तेलात न्हाले. आबांचा मार चुकवायला ती दिवसभर गोठ्यात लपली. तिसऱ्या दिवशी भीत भीत पाहिलं तर पंजी स्वच्छ. वहिनी म्हणाली, राखेनं घासली, निघालं तेल. लीलाबाईनं तीस वर्षं ते खरं मानलं होतं. स्वतःच्या मुलीलाही सांगितलं होतं की जुने रंग इतके पक्के, तेलसुद्धा निघून जातं.

"वैनी," ती म्हणाली, "तू मला राखंचं सांगितलं हुतंस."

"तुजं वय काय हुतं वन्सं. खरं सांगून काय करायचं."

चंद्राबाईनं इतका वेळ मान वर केली नव्हती. आता केली. तिचा आवाज कोरडा होता, पण मघाचा नव्हता. "आनि मला? मी तर ल्हान नव्हते. अठ्ठावीस वरसं एका मळ्यात हाय आपुन."

राहीबाई तिच्याकडे वळली. "आक्का, मामंजींनी शपथ घातली हुती. कुनाला सांगू नगंस म्हनलं. नवा कंचा ते कळलं की खेळणाऱ्याचं डोळं तितंच जात्यात. ह्यास्नीबी कंचा ते ठावं न्हाई. मी करते एवढं ठावं." तिनं पायरीवरच्या नवऱ्याकडे हनुवटी केली. "आज सांगितलं, कारन आज पत्तं इकायचं निघालं. इकत घेणाऱ्याला फसवायचं न्हाई."

परचुरे मास्तर एवढा वेळ तिन्ही पत्ते हातात घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा काढला. मुंबईच्या गृहस्थांना त्यांनी मोडीत काढलं नाही. न हाताळलेल्या जोडाचं मोल त्यांच्यापाशी आहे, आणि तेही एक मोल आहे, असं ते म्हणाले. पण स्वतःच्या एकतीस जोडांचं त्यांनी जे सांगितलं ते सोप्यातल्या कुणी विसरलं नाही. त्यातल्या सत्तावीस अपुऱ्यांच्या घरी कुणी ना कुणी असाच एक पत्ता बिघडवला होता, आणि तिथं राहीबाई नव्हती. एक गेला, खेळ थांबला. खेळ थांबला म्हणून पेटी माळ्यावर गेली, माळ्यावर गेली म्हणून वाळवीनं खाल्ली. जुनं टिकतं ते जपून ठेवल्यानं असं मी पोरांना शिकवत आलो, ते म्हणाले. हे टिकलं ते रोज हाताळल्यानं, आणि हाताळायला कुणीतरी ते धड ठेवलं म्हणून.

"बाई," ते म्हणाले, "मूळच्या कारागिराला कोरं कापड होतं आणि मनाला येईल तसं काढायची मोकळीक होती. तुम्हाला त्याच्याच हातानं काढायचं होतं, आणि तुम्ही काढलंत हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मला नाही ओळखता आलं."

राहीबाईनं ओळीतला वाकडा झालेला एक पत्ता सरळ केला.

विकण्याचं लीलाबाईनंच संपवलं. चारुशीलाचं आम्ही बघू, ती म्हणाली, तिच्या बापाला मी सांगते. मग तिनं आपल्या डब्यातले चाळीस ओळखून काढायचा विचारही केला नाही. रिकामा डबा राहीबाईपुढे सरकवला. नाथाजीनं तांबडं फडकं घडी करून डब्यात ठेवलं. वाटणी मोडताना सुभेदार एवढंच म्हणाला की पाण्याची पाळी उद्यापासून केरबानं आधी घ्यावी, त्याचा ऊस लागणीचा आहे. पायरीवरून केरबा म्हणाला, बघू. पण तो उठून आत आला आणि भिंतीला टेकून बसला.

साडेतीन वाजले होते. राहीबाईनं मास्तरांना विचारलं की तुमच्याकडं एवढं जोड हायत, तुमी कंच्या अवताराचा डाव चांगला खेळता. मास्तर लाजले. त्यांना नियम पाठ होते, दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो आधी उतरतो आणि रात्री कृष्णाचा, हेही माहीत होतं. पण आयुष्यात ते एकही डाव खेळले नव्हते. पत्ते खराब होतील म्हणून.

तिनं एकशेवीस पत्ते गोळा केले आणि पिसले. गोल पत्ते तिच्या हातात पाण्यासारखे फिरत होते. चाळीस मास्तरांना, चाळीस नाथाजीला, चाळीस आपल्याला. रामाचा राजा नाथाजीकडे निघाला. मास्तरांना चाळीस पत्ते एका हातात धरता येईनात, लीलाबाई त्यांच्या मागं बसून काही धरू लागली. ते पहिल्या चार हातांतच आपले वजीर घालवून बसले. नाथाजी जपून खेळत होता, फौजेत शिकल्यासारखा. राहीबाई मात्र पत्त्यांकडे फारशी बघतच नव्हती. काय उतरलं आणि काय राहिलं याचा हिशेब तिच्या डोक्यात चालला होता, आणि शेवटच्या हातांत तिनं दोघांना असं कोंडीत धरलं की केरबा भिंतीपाशी एकटाच हसला. नाथाजीनं आपले उरलेले पत्ते पाठ वर करून ठेवले आणि त्या तांबड्या पाठींवरून बोट फिरवलं. यात आपला शर्ट कुठं आहे ते त्यालाही कळलं नाही.

गाडीची वेळ झाली. मास्तरांनी पिशवीतून एक जाड वही काढली. पाहिलेल्या प्रत्येक जोडाला तिच्यात एक पान होतं. गाव, अवतार, पत्त्यांची संख्या, आणि शेवटी कारागिराचं नाव. सगळ्या पानांवर त्या ठिकाणी एकच शब्द होता. अज्ञात. त्यांनी नवं पान उघडलं, मूळ हातापुढे पुन्हा तेच लिहिलं, आणि त्याखाली चौदा पत्ते असं लिहून नाव विचारलं.

राहीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. पुरं नाव सांगायचं तर नवऱ्याचं नाव घ्यावं लागणार, आणि समोर थोरला दीर.

"राहीबाई केरबा सूर्यवंशी," नाथाजी म्हणाला. "लिवा."

मास्तरांनी लिहिलं, वाळूस्तोवर फुंकर घातली आणि वही मिटायला घेतली. चंद्राबाई दारात त्यांची पिशवी घेऊन उभी होती.

"मुक्काम पोस्ट बी लिवा, मास्तर," ती म्हणाली. "तांबेवाडी, तालुका कराड. नुसत्या नावावर तिला कोन हुडकनार?"